माराच्या कुरणात एक दिवस



'सफारी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एके काळी कचेरीतले साहेब घालीत तो अर्ध्या बाह्यांचा सूट येतो. मूळ शब्द मात्र पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला असून त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' एवढाच आहे. अरबीतला शब्द आपल्याकडे 'सफर' म्हणून आला, तिकडे त्याची 'सफारी' झाली. त्या मुलखात असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. मोटारीला तिथे 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी' आणि विम्याला 'बिमा'. चहा तो 'चाय' आणि पोळी ती 'चपाती'. यांतले बरेच शब्द समुद्रापलीकडून गेलेल्या आपल्या व्यापाऱ्यांनी आणि १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाची रेल्वे बांधायला गेलेल्या मजुरांनी तिकडे पोहोचवले. त्यामुळे केनियात पाऊल ठेवल्यावर माणूस अगदीच परका राहत नाही.

माझा भाचा नैरोबीत नोकरीला आहे. त्याच्याकडे सप्टेंबर महिन्यात गेलो असता मासाई माराचे राखीव रान पाहण्याचा योग आला. वाघ-सिंहांची चित्रे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी पडलो शेतकी खात्यातला माणूस. माझी नजर सिंहाच्या आधी गवतावर गेली आणि हत्तीच्या आधी तिथल्या गाईवर. तेव्हा या लेखात तुम्हाला जनावरांइतकीच गुराख्यांची माहिती सापडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

मारा हे केनियाच्या नैऋत्य टोकाला, टांझानियाच्या हद्दीला लागून आहे. राखीव क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर. हद्दीच्या पलीकडे त्याच्या कितीतरी पट मोठे सेरेंगेटीचे रान लागते. मध्ये कुंपण नाही, म्हणून जनावरांना दोन्ही देश एकच. विषुववृत्त जवळ असले तरी जमीन समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच आहे. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो तेव्हा अंगावर स्वेटर आणि वर घोंगडी घ्यावी लागली. सहाला फाटक उघडते, संध्याकाळी सहाला बाहेर पडावे लागते. छत वर उचलता येते अशी उंच गाडी असते. त्यात उभे राहून पाहायचे, खाली मात्र उतरायचे नाही. आमचा चालक स्वतः मासाई होता आणि लहानपणी गुरे राखलेला होता. त्याची नजर अशी की आम्हाला जो दगड वाटे, तो त्याला एक किलोमीटरवरून निजलेला तरस दिसे.

उजाडले तेव्हा समोर काय होते म्हणून सांगू? जिकडे पाहावे तिकडे गुडघाभर पिवळे गवत आणि त्यात काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे विल्डबीस्ट. तिथले लोक त्याला 'न्यूंबू' म्हणतात. तोंड बैलासारखे, मान घोड्यासारखी, दाढी बोकडासारखी आणि पाठ मागे उतरती. देवाने उरल्यासुरल्या सामानातून हा प्राणी घडवला, अशी चेष्टा तिकडचे लोकच करतात. पण असे सुमारे १३ लाख प्राणी दर वर्षी सेरेंगेटी आणि मारा यांच्यात पावसामागून फिरत असतात. बरोबर दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि काही लाख हरणे.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने गंमत पाहा. एवढी जनावरे एका कुरणावर कशी पोसली जातात? तर प्रत्येकाचा वाटा वेगळा आहे. आधी झेब्रा येतो. तो घोड्याच्या जातीचा, रवंथ करीत नाही. त्याच्या पोटातून चारा लवकर पुढे सरकतो, म्हणून तो जाडेभरडे, दांडे झालेले गवतही भरपूर खाऊन निभावतो. तो वरचा शेंडा उडवतो. मग येतो विल्डबीस्ट. हा रवंथ करणारा, त्याला मधली हिरवी पाने हवीत आणि ती आता मोकळी झालेली असतात. सर्वांत शेवटी थॉमसन जातीचे छोटे हरीण, आपल्या शेळीएवढे. ते जमिनीलगतचे कोवळे फुटवे आणि रुंद पानांचे तण निवडून टिपते. आपल्या पडीक रानात म्हैस, गाय आणि शेळी यांची चराई अशीच आपोआप वाटली जाते. फरक इतकाच, की तिथे कळप पुढे सरकतात आणि मागचे गवत पुन्हा वाढेपर्यंत परत फिरत नाहीत. आपल्या गायरानाला अशी विश्रांती कधी मिळते?

ही जनावरे इतकी का हिंडतात, याचेही कारण जमिनीत आहे. जानेवारी ते मार्चमध्ये ती दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या मैदानात विण्यासाठी जातात. ती जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे. गवतात चुना आणि स्फुरद भरपूर, म्हणून दूध चांगले उतरते. बहुतेक वासरे दोन-तीन आठवड्यांतच जन्माला येतात. वासरू काही मिनिटांत उभे राहते आणि आईबरोबर पळू लागते. तिथला पाऊस सरला, पाणी आटले की कळप उत्तरेकडे निघतात आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत माराच्या हिरव्या भागात राहतात. आपण दुभत्या गाईला क्षार मिश्रण द्या म्हणून कंठशोष करतो. हे मुके जनावर त्यासाठी शेकडो किलोमीटर चालते.

या १३ लाखांमागे एक हकिकत आहे, ती तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना फार जवळची वाटेल. त्यांना 'बुळकांडी' हा शब्द सांगून पाहा. गुरांच्या तोंडात फोड, रक्ती हगवण आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. हा रोग आफ्रिकेच्या त्या भागात १८८७ च्या सुमारास लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरे बहुधा हिंदुस्थानातली होती, असे मानतात. पुढच्या दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. अनेक भागांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे मेली. गाईवर जगणारे मासाई उपाशी मेले. रानगवे आणि विल्डबीस्टही मेले आणि पुढे कित्येक दशके त्यांची वासरे या रोगाने मरत राहिली.

१९६० च्या सुमारास वॉल्टर प्लॉराइट या पशुवैद्याने नैरोबीजवळच्या मुगुगा येथील प्रयोगशाळेत या रोगाची स्वस्त आणि खात्रीची लस तयार केली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही विल्डबीस्टला कोणी सुई लावली नाही. पण गावची गुरे निरोगी झाली, तसा रानातलाही रोग हटला. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. आपल्या देशातली बुळकांडीची शेवटची साथ १९९५ सालची. जगातला शेवटचा रोगी प्राणी सापडला तो केनियातच, २००१ साली, मेरू येथील एका रानगव्यात. २०११ साली हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. त्या सकाळी तो काळा समुद्र पाहताना मला आपल्याकडे गावोगाव सायकलीवर हिंडून लस टोचणारे पशुधन पर्यवेक्षक आठवत होते.

नऊच्या सुमारास आम्ही मारा नदीवर पोहोचलो. काठावर पाच-सहा हजार जनावरे उभी होती. पुढची पाण्याकडे पाहायची, मागे सरायची, मागची ढकलायची. असे अडीच तास चालले. मग एक झेब्रा उतरला आणि पाहता पाहता सगळा काठ पाण्यात कोसळला. धूळ, हंबरणे, डोकी वर काढून पोहणारी जनावरे आणि मध्येच एखादे डोके खाली ओढले जाणे. मगरी तिथे १५-१६ फुटी असतात. पण मगरीपेक्षा चेंगराचेंगरीत आणि उभ्या काठावर चढता न आल्यामुळे बुडून मरणारे अधिक. शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सरासरीने वर्षाला सहा हजारांवर विल्डबीस्ट या नदीत बुडतात. मांस मासे, गिधाडे, मगरी खातात. हाडे मात्र सात वर्षांपर्यंत तळाशी कुजत राहून हळूहळू स्फुरद सोडतात. हाडांच्या खताचा हा असा कारखाना मी दुसरा पाहिला नाही.

त्याच नदीत चार हजारांवर पाणघोडे राहतात. रात्री बाहेर चरायचे आणि दिवसा पाण्यात शेण टाकायचे. रोजचे सुमारे ३६ टन! डोहात ते इतके साठते, की मोठा पूर येऊन ढवळले गेले म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खालच्या अंगाचे मासे मरतात. खत कितीही चांगले असले तरी त्याचाही अतिरेक होतो, हे ऊस बागायतदारांना वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मनाला खटकली. काठावर चाळीसेक गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. एका जनावराजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात असा नियम आहे, पण पाळतो कोण? दोन गाड्या तर जनावरे वर चढतात त्या वाटेवरच आडव्या घातलेल्या. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवीत होते. जत्रेत तमाशाच्या फडाबाहेर असते तसले दृश्य. एवढे पैसे खर्चून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांना गप्प बसता येऊ नये, याचे मला नवल वाटले.

दुपारी एका टेकाडावर चित्ता दिसला. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात. ओळख सोपी आहे. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात, बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी मोकळी वर्तुळे. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळावे तशी काळी रेघ असते. कंबर बारीक, पाय लांब, जणू शिकारी कुत्रा. हा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावतो, पण फक्त काही क्षण. त्या दिवशी त्याने छोटे हरीण धरले आणि नंतर धापा टाकीत दहा-पंधरा मिनिटे तसाच बसला. खायला सुरुवात करतो न करतो तोच तीन तरस आले आणि शिकार उचलून घेऊन गेले. चित्त्याने भांडण केले नाही. पाय दुखावला तर उद्याची शिकार नाही, हे त्याला ठाऊक असते.

कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले जात. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, हे तुम्ही वाचलेच असेल.

सिंह? हो, तेही पाहिले, चौदा. एका बाभळीसारख्या झाडाखाली सगळे आडवे. दिवसाचे अठरा-वीस तास हा राजा झोपतो. तासभर थांबलो, तेवढ्यात एकाने कूस बदलली. रानगव्यांच्या पाठीवर लाल चोचीचे पक्षी गोचिडे टिपत होते आणि पायांत आपलाच पांढरा गायबगळा चालत होता. मला तरी त्या झोपलेल्या सिंहांपेक्षा हा बगळा पाहून अधिक आनंद झाला.

चार वाजता आम्ही राखीव रानाबाहेर पडून मासाई वस्तीवर गेलो. येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. माराची निम्म्याहून अधिक जनावरे वर्षाचा पुष्कळ काळ राखीव हद्दीबाहेर, मासाई लोकांच्या जमिनीवर असतात. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, गवत शेतकऱ्याचे, मेंढी खाल्ली गेली तर ती शेतकऱ्याची आणि पर्यटकाचा पैसा मात्र दुसरीकडे. हे गणित किती दिवस टिकेल? ते टिकले नाहीच. माराच्या पूर्वेला लोइटाचे मैदान आहे. तिथे विल्डबीस्टचा एक वेगळा कळप विण्यासाठी जाई. १९८० च्या दशकात तिथली बरीच जमीन ट्रॅक्टरखाली येऊन गव्हाची मोठी शेती सुरू झाली. पुढे सामाईक जमिनींची वाटणी झाली, प्रत्येकाने तारेचे कुंपण घातले. १९७७ पासून पुढच्या तीस वर्षांत त्या कळपातली तीन-चतुर्थांशाहून जास्त जनावरे गेली. गहू पेरणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तेच केले असते.

त्यावर निघालेला एक तोडगा मला विचार करण्याजोगा वाटला. राखीव रानाच्या कडेच्या जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून जनावरांसाठी मोकळ्या ठेवल्या आणि तंबू-निवास चालवणाऱ्यांना भाड्याने दिल्या. नाबोइशो नावाच्या अशा एका क्षेत्रात २०१० पासून सुमारे ५०० मासाई मालकांची मिळून ५० हजार एकर जमीन आहे. भाडे थेट मालकाच्या खात्यावर जमा होते. कुंपण नाही, नांगर नाही. गुरे चारायला मनाई नाही, पण कोणत्या तुकड्यात कधी सोडायची हे ठरवून दिलेले. अडचण अशी, की सगळे पर्यटकावर अवलंबून. २०२० मध्ये साथीमुळे विमाने बंद झाली आणि भाड्याला कात्री लागली. आमचा चालक म्हणाला, "त्या वर्षी आम्हाला जगवले ते गाईंनी."

आणि गाई कशा? वशिंडाच्या, पोळीच्या, आपल्यासारख्याच. लाल रंगाच्या काही भरदार गाई पाहून मी विचारले तर उत्तर आले, "साहिवाल!" ही आपल्या पंजाबातली जात. केनियाच्या नैवाशा येथे साहिवालचे सरकारी पैदास केंद्र आहे. तिथल्या वळूंवरून मासाईंनी आपली गुरे सुधारली आहेत. घरे शेणामातीची असून ती बायका बांधतात. दूधही त्याच काढतात. दुधाचा भोपळा पाण्याने नव्हे, तर जंगली ऑलिव्हच्या जळत्या काडीने आतून धुरावतात. दुधाला धुराचा वास येतो, पण ते टिकते.

वस्तीभोवती काटेरी फांद्यांचे गोल कुंपण आणि मध्ये गुरे. विल्डबीस्ट वितात त्या दिवसांत हे लोक आपली गुरे त्यांच्यापासून लांब नेतात. त्या वासरांपासून गुरांना एक जीवघेणा ताप येतो, हे त्यांना पुस्तके निघण्याच्या आधीपासून ठाऊक होते. कुंपणाच्या खांबांवर छोटे दिवे लावलेले दिसले. त्याची हकिकत अशी : नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणारा रिचर्ड तुरेरे नावाचा मासाई मुलगा अकरा वर्षांचा असताना गोठा राखीत होता. हातात बॅटरी घेऊन आपण फिरत असलो की सिंह येत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने मोटारीची जुनी बॅटरी, सौर पट्टी आणि वळण दाखवणाऱ्या दिव्याचा डबा जोडून आळीपाळीने लुकलुकणारे दिवे केले. सिंहाला वाटते माणूस हिंडतो आहे. २०१३ पर्यंत त्याचे नाव जगभर झाले आणि हे दिवे आता इतर देशांतही लावतात.

हत्तींसाठी दुसरा उपाय आहे. लुसी किंग या संशोधक बाईंनी केनियातल्या शेतांभोवती दर दहा मीटरवर मधमाश्यांची पेटी टांगून त्या सगळ्या एका तारेने जोडल्या. हत्तीचा धक्का तारेला लागला की पेट्या हलतात आणि माश्या उठतात. बहुतेक हत्ती परत फिरतात, शिवाय मध मिळतो. आपल्याकडे कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात २०२१ मध्ये खादी आयोगाने हा प्रयोग सुरू केला. दोडामार्ग, चंदगड आणि गडचिरोलीच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिले आहे.

जाण्याचा कोणाचा विचार असेल तर दोन गोष्टी. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी टोचून प्रमाणपत्र जवळ ठेवा, नाहीतर परतल्यावर विमानतळावर अडचण होते. आणि खर्चाचा अंदाज घ्या. २०२४ पासून परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबरमध्ये माराचे नुसते प्रवेशशुल्क दिवसाला दोनशे डॉलर केले आहे, त्या आधीच्या सहा महिन्यांत शंभर.

निघण्यापूर्वी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांशी चालकामार्फत बोलत बसलो. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो आणि तिथेच वितो, असे सांगितले. ऊस म्हणजे काय, ते आधी समजावून द्यावे लागले. माणसापेक्षा उंच गवत, ते तुम्हीच लावता आणि त्यात दिवसा पाणी पाजायला जाता? मला तर रात्रीही जावे लागते, वीज रात्री येते, म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "शेळ्यांच्या गोठ्याला वरून झाकण आहे ना? सिंह कुंपणाला धडक देतो, बिबट्या वरून उतरतो." मी म्हणालो, काहींनी जाळी घातली आहे, बऱ्याच जणांनी नाही. नुकसान झाले तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, मग भरपाई मिळते, हेही सांगितले. पैसे किती दिवसांनी हाती येतात, असे त्यांनी विचारले. मी उत्तर दिले तेव्हा चालकाने भाषांतर करण्याआधीच ते हसले. त्यांच्याकडेही २०१३ सालचा भरपाईचा कायदा आहे.

तोवर गुरे आत येऊ लागली होती. बाबा उठले, फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि एकेक जनावर रंगाने, नावाने ओळखून आत घेऊ लागले. एक लाल कालवड मागे राहिली होती. तिला आणायला एक पोर काठी घेऊन पळत गेले आणि ती आत आल्यावर बाबांनी काटेरी फांदी ओढून फाटक लावले.